सोळा इंच

पुन्हा झुकलंय.
मंगळवारी ताठ बसवून दिलेलं हँडल
शनिवारी आपाच्या छातीकडे,
मान टाकलेल्या बैलाच्या शिंगांसारखं.

"क्लॅम्पच दळभद्री," आपा म्हणतात.
युसेबिओ आर्चुलेटा, वय एकाहत्तर,
प्वेब्लोच्या पोलाद कारखान्यात
एकतीस वर्षं भट्टीपुढे उभे.
लोखंडावर ते सहसा आळ घेत नाहीत.

मी चार बोल्ट सोडते. वरची टोपी उचलते.
आत क्रोमवर एक चमकती रेघ,
नळी रोज केसभर सरकत गेली त्याची.
आणि तेलाचं एक बोट.
माझंच असणार.

पहार लांब असली की धोंडा हलतो,
हे गणित इथंही तेच आहे.
सोळा इंच उंचीवर वारा ओढतो, खड्डा ओढतो,
आणि तळाशी सगळा भार
दोन बोटं रुंदीच्या पकडीवर.
तीही पकड कशावर? आरशावर.

म्हणून आधी स्पिरिटनं पुसायचं,
फडकं पांढरं येईपर्यंत.
मग पॉलिश पेपर,
फक्त टोपीखाली झाकलं जाईल तेवढ्याच जागी.
(बाहेर ओरखडा दिसला तर आपा जेवणार नाहीत.)
मग बिअरच्या डब्याची पट्टी, कात्रीनं कापलेली,
कडा बोटानं दाबून बसवलेली.
कापताना अंगठा कापला. दरवेळी कापतो.

बोल्ट आवळताना एका बाजूची फट आधी मिटवायची,
धातूला धातू टेकेपर्यंत,
मग दुसरी.
दोन्हीकडे सारखं वागायला जाल
तर दोन्हीकडून सैल राहाल.
अठरावर पाना टक् म्हणतो. थांबायचं.
अजून थोडं, असं मनात येतंच.
त्या थोड्यात आटे गेलेले मी पाहिलेत,
एकदा या गॅरेजात,
एकदा माझ्या लग्नात.

शेवटी नेलपॉलिशची पांढरी रेघ,
अर्धी टोपीवर, अर्धी नळीवर.
सरकलं तर रेघ तुटेल.
मी दोन्ही मुठींना लोंबकळून पाहिलं, सगळं वजन टाकून.
हललं नाही.

वॉशर पडला होता, म्हणून मी बाकाखाली होते
तेव्हा आपा आले.
आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
डावी मूठ धरली,
आणि स्वतःला वर ओढलं,
विहिरीतून पोहरा ओढावा तसं, हिसक्या-हिसक्यानं.
उजवा गुडघा वाकतच नव्हता.
पाय सीटवरून जाईपर्यंत
मी श्वास रोखून वॉशर मुठीत धरून होते.

हँडल जागचं हललं नाही.
आपा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले,
रोजच्या ओळखीच्या दारानं
आज साथ दिली नाही असं काहीतरी चेहऱ्यावर.
मग चालू केली, आणि गेले.

मी बाकाखालून लगेच निघाले नाही.
हिशोब करत होते.
तीन शनिवार, तीन वेळा पाना,
आणि मी प्रत्येक वेळी क्लॅम्पला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मिरच्यांचं लाकडी खोकं आणलं,
पालथं घालून गाडीच्या डाव्या अंगाला ठेवलं.
"हे काय इथं?"
"मिरच्या भाजल्या ना काल. राहिलं असेल."
"डेल्फिना, पाय अडकेल कुणाचा तरी."
"उचलते."

उचललं नाही. त्यांनीही नाही.

सप्टेंबर आहे. गल्लीभर भाजल्या मिरच्यांचा खाट.
संध्याकाळी ते परततात तेव्हा दुरून
दोन हात डोक्याच्या उंचीवर दिसतात आधी,
माणूस मागून येतो.

शनिवारी मी बॅटरी घेऊन वाकले.
रेघ सलग आहे.
खोक्यावर धूळ, आणि धुळीत
डाव्या बुटाचा पुसट ठसा.